सोमवारची पंच

आमच्या लोकांत बायकांना मारत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या मंडळाचे अध्यक्ष गुरप्पाअण्णा दरवर्षी सर्वसाधारण सभेत हेच वाक्य म्हणतात आणि टाळ्या घेतात. आमच्यात थोडंफार होतं. कधी हात उठतो, कधी बाईच मध्ये येते, कधी दार लागतं. पण मारत म्हणून कुणी नाही.

आमचं मूळ गाव सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. नाव लिहीत नाही, गावाची अब्रू आहे. पणजोबा-खापरपणजोबा बैलगाडीनं सोलापुरात आले, भुसाराची, तेलाची, कापडाची दुकानं टाकली, एकाच पेठेत घराला घर लावून राहिले, आणि अजून आम्ही म्हणे परक्या मुलखात राहतो. अण्णांचा जन्म इथला, शाळा इथली, रेशनकार्ड इथलं. नळाला पाणी आलं नाही की ते शिव्या देतात त्याही मराठीत. तरी कुणाच्या घरात काही झालं की म्हणणार, "परक्या मुलखात शोभा नको. आपलं आपल्यात." पोलीस चौकी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, पण तिथं आमचं कुणी जात नाही. आमचं मंडळ आहे. मंडळाला माडीवर हॉल आहे, हॉलला पंखे आहेत, आणि पंख्यांखाली बैठक भरते.

बैठकीची रीत सोपी. पंच बसतात. बाई रडते. सासू तिच्याहून मोठ्यानं रडते. नवरा खाली बघतो. मग पंच त्याला म्हणतात, "जरा सांभाळून घे," तिला म्हणतात, "जरा समजून घे," आणि एक सवाष्ण तिची ओटी भरते. खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. लहान लेकरू असेल तर नारळाशेजारी तेही मांडीवर द्यायचं, म्हणजे ओटी भरल्यासारखी दिसते. मग त्या सवाष्णीनं हाताला धरून तिला उंबऱ्यापर्यंत पोचवायचं. ज्या उंबऱ्यात पोचवली ते तिचं घर. गावाकडची फार जुनी रीत आहे ही, आणि माझा रीतीवर विश्वास आहे.

राजशेखरच्या बायकोची, महेश्वरीची ओटी इतक्यांदा भरून झाली होती की खण तिच्या ट्रंकेत मावेनात. एकदा मी विचारलं, शिवत का नाहीस गं? म्हणाली, "अक्का, त्यातला कुठला कशाचा ते मला पाठ हाय. अंगावर कशाला घालू?"

तर गेल्या सभेत आमच्यातल्या चार शिकलेल्या पोरी, देव त्यांचं कल्याण करो, उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं की पंचांत एक तरी बाई का नाही. सभा गार पडली. अण्णा पुढं बरेच दिवस विचारात होते. मग त्यांनी आमच्या यजमानांना, संगप्पांना, दुकानात बोलावून घेतलं.

"तुमच्या घरच्या कस्तुरक्का कशा काय ऱ्हातील? धार्मिक हायत. समाजात मान हाय. शिवाय..."

शिवायच्या पुढं ते काही बोलले नाहीत, असं यजमानांनी घरी येऊन सांगितलं. शिवायच्या पुढचं मला कळलं. सोमवारी माझं मौन असतं. उजाडल्यापासून दिवा लागेपर्यंत. सासूबाईंनी धरलेलं व्रत, त्यांच्यामागं मी चालवते. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, लिहून दाखवायचं नाही. पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर निरोप पडला की यापुढं बैठका रविवारऐवजी सोमवारी भरतील. सोमवार शंकराचा वार, न्यायाला शुभ. खाली सगळ्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. मीही टाकलं.

"आगं, त्यांनी मुद्दाम तुला..." यजमान म्हणाले.

"कळलं हो," मी म्हटलं. "जेवा."

राजशेखरबद्दल मी वाईट बोलणार नाही. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामाच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांत त्याचं नाव आहे. घराहून उंच ती काठी, तिचं ओझं निराळं आणि तिचा तोल निराळा. ती पेलून हा पाऊल टाकतो तेव्हा वाऱ्याची झुळूक आली तरी काठी कलत नाही. बघणाऱ्याचा श्वास अडकतो, याचा अडकत नाही. हातावर इतका ताबा असलेला माणूस आमच्या पेठेत दुसरा नाही. घरी मात्र तोच हात याला न विचारता उठतो. मोठं कोडंच म्हणायचं.

संक्रांत तोंडावर आली होती. गल्लीत रोज संध्याकाळी काठीचा सराव चालू होता. अशाच एका संध्याकाळी राजशेखर सरावाहून घरी आला, जेवायला बसला, भाकरी मऊ लागली, आणि महेश्वरीचं मनगट दारात सापडलं. दार कुणी लावलं याबद्दल दोन मतं आहेत. मनगट मोडलं याबद्दल एकच.

प्लास्टर घालून ती थेट तिच्या काकांकडं, सिद्धप्पांकडं गेली. तिला आई-बाप नाहीत. लेकीला, आरोहीला, मात्र सासूनं, सुंदरम्मांनी, घरातच ठेवून घेतलं. "तू जा कुटं जायचं तितं, लेकरू आमचं हाय," म्हणाल्या. पोरगी अजून बालवाडीत जाते.

रविवारी दुपारी महेश्वरी माझ्याकडं आली. मी मुंग्यांना साखर घालत होते, ती शेजारी उकिडवी बसली.

"अक्का, उद्या माझी ओटी तुमी भरणार म्हणं."

"हो बाई."

"आणि त्याच दारात न्हेऊन सोडणार?"

मी मुंग्यांकडं बघत राहिले.

"मला न्हाय जायचं अक्का. बैठकीत मी सांगणार हाय. पण माझं कोण ऐकतंय? आरोही तितं हाय म्हणून मी प्रत्येक टायमाला जाती. ह्या टायमाला गेले तर..." प्लास्टरवर एक मुंगी चढली होती, ती तिनं फुंकर मारून खाली उतरवली आणि उठली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. रविवार होता, तोंडाला कुलूप नव्हतं. पण सुचलं नाही, आणि सकाळी उजाडलं तेव्हा सोमवार होता.

हॉलमध्ये मला अण्णांच्या शेजारची खुर्ची दिली. गादीची. अण्णांनी माझी ओळख करून दिली, म्हणाले, "बायकांचा आवाज आता पंचांत आला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

मग चौकशी सुरू झाली.

"भाकरी कशी होती?" अण्णांनी विचारलं.

"मऊ," राजशेखर म्हणाला.

"मऊ म्हंजे? दुमडत होती?"

"दुमडत होती की."

पंचांत एक खानावळवाले आहेत. ते पुढं सरकले. "कडक करायची तर मंद आचंवर ठेवावी लागती. घाई केली की वरनं करपती, आतनं मऊ."

"म्हंजे घाई झाली," अण्णा म्हणाले.

"घाईच झाली. आताच्या पोरींना धीर न्हाय."

"का पीठ जुनं असंल?"

"जुन्या पिठाची थापतानाच चिरती. मऊ ऱ्हात न्हाय."

मोठ्या माणसांना एखादा विषय मनापासून आवडला की ऐकायला बरं वाटतं. ज्वारी कुठली चांगली, गॅसवर चुलीची चव का येत नाही, कुणाची आई कशी भाकरी करायची आणि ती मोडली की कसा आवाज यायचा, सगळं निघालं. शेवटी घाई हीच दोषी ठरली. मनगट सगळा वेळ महेश्वरीच्या मांडीवर पडून होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही.

"मी बोलू का?" महेश्वरी म्हणाली.

"बोल की बाळ. थोडक्यात."

"मला त्या घरात जायचं न्हाय. आरोही मला पायजे. बास."

सुंदरम्मा आरोहीला कवटाळून बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "ऐका! चार भांडी एका जागी आली की वाजणारच. आमी काय आमच्या टायमाला मार खाल्ला न्हाय?"

अण्णा खाकरले. "सुंदरम्मा, मार म्हणू नये."

"बरं. जे काय खाल्लं ते. पण असं उठून गेलो का कुटं?"

"राजशेखर, तू बोल," अण्णा म्हणाले.

"मी मारलं न्हाय अण्णा. हात उठला. राग आला की माझा हात माझ्या ताब्यात ऱ्हात न्हाय, त्याला मी काय करू? देवाशपथ सांगतो, मला कळतच न्हाय."

पंचांनी मान हलवली. हाताच्या पुढं माणूस तरी काय करणार? हातालाच बैठकीला बोलवायला हवं होतं, समज दिली असती.

मग अण्णांनी खरी अडचण सांगितली. "संक्रांत आली. हा बाराबंदी घालून दारातनं निघणार, सगळी पेठ बघायला असणार, आणि ओवाळायला बायको न्हाय! बाहेरचे काय म्हणतील? ह्यांच्यात बायका नांदत न्हाईत म्हणतील. आपण परक्या मुलखात ऱ्हातो, एवढं तरी ध्यानात ठिवावं माणसानं."

सिद्धप्पाकाका इतका वेळ टोपी हातात घेऊन मागच्या ओळीत बसले होते. गरीब माणूस, बायकोला भितो, अण्णांना त्याहून भितो. ते हळूच उठले.

"अण्णा, मागल्या खेपेला बी असंच ठरलं हुतं. त्याच्या मागल्या खेपेला बी. पोरगी न्हाय म्हणती. पुन्हा काय झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

अण्णांना प्रश्न आवडत नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"पुन्हा बैठकच न्हाय! आज कायमचा निकाल. कस्तुरक्का मौनात हायत. मौनातल्या सवाष्णीच्या हातनं ओटी म्हंजे सिद्धरामाचा कौल. त्या जिला ज्या उंबऱ्यात पोचवतील, तितंच ती ऱ्हाईल, आणि त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं न्हाय. उघडंल तो समाजाच्या भाईर. मान्य?"

"मान्य," पंच म्हणाले.

"मान्य, मान्य!" सुंदरम्मांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"मान्य," राजशेखर म्हणाला आणि घड्याळ बघितलं. सरावाची वेळ होत आली होती.

महेश्वरी माझ्याकडं बघत होती.

"अक्कांचा होकार धरतो," अण्णा म्हणाले.

मी गप्प.

"धरला."

ताट आणलं. महेश्वरीला पाटावर बसवलं. मी कुंकू लावलं, खण ठेवला, तांदूळ घातले. एका हातानं तिला पदर नीट धरता येईना, तांदूळ सांडायला लागले. वेचायला कुणी उठलं नाही, मीच वेचले. नारळ ठेवला. मग सुंदरम्मांपुढं जाऊन आरोहीसाठी हात पुढं केले. हे खुणेत येत नाही, रीतीत येतं. सुंदरम्मा क्षणभर माझ्या हातांकडं बघत राहिल्या आणि त्यांनी पोरगी दिली. त्यांनी ती रीत म्हणून दिली की आणखी कशासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.

आरोही आईच्या मांडीवर बसली आणि तिनं नारळ घट्ट धरला.

मी पोरीला कडेवर घेतलं, महेश्वरीचा चांगला हात धरला आणि जिना उतरले. मागून पंच, त्यांच्या मागं घरची माणसं. कुणीतरी पेढ्यांचं बोलत होतं. खाली उतरलं की डावीकडं राजशेखरचं घर, उजवीकडं आमचं. आजवर आमच्या लोकांत एकाही सवाष्णीनं कुठं वळायचं याचा विचार केला नव्हता.

मी उजवीकडं वळले.

"अक्का! अवो अक्का! चुकलं! डावीकडं!"

मी चालत राहिले. पोर कडेवर, उन्हं कलती, माझे गुडघे ठणकत होते.

"ऐकायला येत न्हाय का काय?" खानावळवाले.

"मौन तोंडाचं असतं, कानाचं न्हाय," अण्णा ओरडले. "संगप्पा, तुमच्या मंडळींना जरा सांगा की!"

मला वाटलं, आता हे मला परत फिरवणार. आमच्या यजमानांनी आयुष्यात अण्णांना नाही म्हटलेलं नाही. पण मागून त्यांचा आवाज आला, "अण्णा, आज सोमवार हाय. ती बोलणार न्हाय."

"मग खुणंनं तरी सांगू द्या!"

"खुणा बी चालत न्हाईत. व्रतात बसत न्हाय."

गल्लीत सरावाची पोरं जमली होती. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. कोपऱ्यावर चौकीतला हवालदार चहा पीत उभा होता. राजशेखर पंचांमधून वाट काढत पळत आला आणि आमच्यापुढं आडवा झाला.

"पोरगी द्या हिकडं."

मी थांबले.

"अक्का, मी सांगतोय. द्या."

आणि त्याचा हात उठला. आपोआपच उठला असणार. खांद्याच्या वर गेला, बोटं ताठ. मला डोळे मिटायचे होते, पण आरोही कडेवर होती आणि ती उघड्या डोळ्यांनी बघत होती, तिला तो हात ओळखीचा होता. मी नुसती उभी राहिले. धाडस वगैरे काही नव्हतं, पाय उचलतच नव्हते.

राजशेखरनं एकदा सरावाच्या पोरांकडं बघितलं. एकदा हवालदाराकडं बघितलं. हवालदारानं कप खाली ठेवला. आणि वर गेलेला तो हात, ज्याच्यावर कुणाचा ताबा चालत नाही तो हात, हळूच मागं वळला, डोक्यावर गेला आणि केस सारखे करून शहाण्यासारखा खाली आला.

महेश्वरीनं ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती मागं वळून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"अण्णा, ह्यांचा हात ह्यांच्या ताब्यात हाय की!"

सरावाच्या पोरांतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एक जण. राजशेखरचे कान लाल झाले. तो बाजूला झाला की मी बाजूनं गेले ते आठवत नाही. आमच्या दाराशी आल्यावर मी थांबले, महेश्वरीचा उजवा पाय आधी आत पडेल असं बघितलं, आणि तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. रीत पुरी झाली.

पंच आमच्या कट्ट्यावर बसले. माझ्याशी भांडायचं होतं, पण दिवा लागेपर्यंत भांडता येत नव्हतं. मौनाचा हा उपयोग मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. यजमानांनी सगळ्यांना चहा करून दिला. त्यांच्या हातचा जन्मातला पहिला चहा. साखर इतकी होती की खानावळवाल्यांनी अर्धा तसाच ठेवला. आरोही त्यांच्यासमोर ओटीतला नारळ जमिनीवर घरंगळवत खेळत होती.

दिवेलागण झाली. मी देवापुढं दिवा लावला, सिद्धरामाचं नाव घेतलं आणि बाहेर आले.

"बोला अक्का," अण्णा उठून उभे राहिले. "आता बोला. गडबडीत चूक झाली म्हणा, कुणी तुमाला काय म्हणणार न्हाय."

माझा आवाज मुळातच बारीक. सगळे पुढं वाकले.

"चूक कशी असंल अण्णा? कौल हाय."

"अवो, पण..."

"मी कोण? तुमीच म्हणालात. पुन्हा तोंड उघडंल तो समाजाच्या भाईर. तुमी आत या, बसा, तोंड उघडू नका."

अण्णांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. "मग संक्रांतीला राजशेखरला ओवाळायचं कुणी?"

"सुंदरम्मा हायत की. आईनं ओवाळलेलं जास्त शुभ."

मी पुढचंही सांगून टाकलं, कारण कपटानं काही करायची मला सवय नाही. "उद्या सकाळी पूजा आटोपली की मी आणि महेश्वरी चौकीत जाणार. दवाखान्याचे कागद तिच्याजवळ हायत. हवालदारानं हात बी बघितलाय."

"चौकीत!" अण्णा खाली बसले. "आपल्यातलं चौकीत! आजवर आपल्यातलं कुणी... अक्का, हात जोडतो. पुढच्या सोमवारपर्यंत तरी थांबा. बैठक घेऊ, परत सगळं नीट..."

"सोमवारी मी बोलत न्हाय अण्णा," मी म्हटलं. "उद्या मंगळवार हाय."

ते गेले. सिद्धप्पाकाका सगळ्यांत शेवटी उठले. उंबऱ्याशी थांबून टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. महेश्वरीला म्हणाले, "तुझी ट्रंक आणून देतो सकाळी." ती म्हणाली, "कपडे तेवढे आणा काका. खण तितंच ऱ्हाऊ द्या."

दिवसभराचा उपास होता. मी पीठ मळलं, महेश्वरी डाव्या हातानं तव्यावरची भाकरी उलटायला लागली. पहिलीला जमलं नाही, तुटली. दुसरी जमली. आम्ही बोलत होतो, सकाळी काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, आणि त्या बोलण्यात मंद आचेचं ध्यान राहिलं नाही. भाकरी मऊ झाली. चांगली दुमडत होती.

महेश्वरीनं ती यजमानांच्या ताटात वाढली आणि तिथंच उभी राहिली. भिंतीला पाठ लावून, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. मला आधी कळलंच नाही ती का थांबलीय.

यजमानांनी भाकरी उचलली, दुमडली, शेंगदाण्याच्या चटणीला लावून खाल्ली. एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"आणखी एक वाढ बाळ," म्हणाले.